मुकादम वेगळा, मेट वेगळा



खाण म्हटलं की आपल्याला चंद्रपूर-वणीकडचा कोळसा आठवतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात कोळसा नाही, पण खाणी आहेत. रस्त्याला, पुलाला, घराच्या स्लॅबला जी खडी लागते, ती काळ्या दगडाच्या खाणीतूनच येते. आपल्यातल्या कितीतरी घरांतला माणूस तिथे ड्रिल धरतो, घण मारतो, डंपर चालवतो. कितीतरी बाया दगड वेचतात, पाट्या उचलतात. कायद्याच्या भाषेत दगडाची उघडी खाण ही सुद्धा खाणच आहे, आणि खाणीवर देखरेख करणाऱ्या माणसाला आधी शिक्षण घ्यावं लागतं. आज बोलायचं आहे ते या शिक्षणाबद्दल.

आपल्याला मुकादम माहीत आहे. तो माणसं गोळा करतो, उचल देतो, हजेरी मांडतो, दिवसाला किती ब्रास माल निघाला ते बघतो. खाणीच्या नियमांत आणखी एक माणूस सांगितला आहे, त्याला 'मेट' म्हणतात. मेट होण्यासाठी परीक्षा असते, प्रमाणपत्र असतं, आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्रही आधी मिळवावं लागतं. सुरुंग लावणाऱ्या ब्लास्टरची परीक्षा वेगळी. मेटच्या वर फोरमन, त्याच्या वर मॅनेजर. या परीक्षा घेणारं सरकारी खातं म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय. त्याचं मुख्य कार्यालय झारखंडात धनबादला आहे, आपल्या राज्यात नागपूरला कार्यालय आहे. पुष्कळांना वाटतं की दगडखाणीचं सगळं तहसीलदारांकडे असतं. गौण खनिजाचा परवाना आणि रॉयल्टी महसूल खात्याकडे, हे खरं. पण खाणीतल्या माणसाच्या जिवाची तपासणी या खात्याकडे आहे.

मग मेटला शिकवतात काय?

पहिली गोष्ट, सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन कडा बघायचा. रात्री पाऊस झाला असेल, काल सुरुंग उडाला असेल, तर वरचे दगड सुटलेले असतात. ते पहारीने आधी खाली पाडायचे, मगच माणसांना कामाला लावायचं. १९६१ च्या नियमांनी कड्याची मापं घालून दिली आहेत. माती किंवा मुरूम असेल तर उभी भिंत दीड मीटरपेक्षा उंच ठेवायची नाही, म्हणजे साधारण पाच फूट. टणक दगड असेल तर सहा मीटर, म्हणजे वीस फुटांच्या आत. त्याहून खोल जायचं तर जिन्यासारख्या पायऱ्या पाडत जायचं. आणि खालून पोखरायचं नाही. हे शेवटचं आपण बायांनी तर पक्कं ध्यानात ठेवायचं, कारण घर सारवायला माती आणताना, ओट्याला मुरूम काढताना आपण खालूनच पोखरतो. खाली बसून टोकरत गेलो की वरचा पाखा कधी सुटेल ते सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट सुरुंगाची. बार उडवायच्या आधी तीनशे मीटरच्या आतली सगळी माणसं आडोशाला गेली पाहिजेत, वाटांवर राखणदार उभे पाहिजेत, इशारा झाला पाहिजे. बार उडाल्यावर धूर निघून जाऊ द्यायचा, ब्लास्टरने स्वतः जाऊन बघायचं, मग बाकीच्यांनी. एखादा बार उडाला नाही, तर ते भोक उकरायचं नाही, त्यातच पुन्हा ड्रिल घालायचं नाही. मजुरी वाया जाते म्हणून घाई होते आणि बरेच हात, बरेच डोळे या घाईतच जातात.

तिसरी गोष्ट धुळीची. दगडातल्या गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि त्याच्या पाठोपाठ टीबी होण्याची भीती असते. राजस्थानात वालुकाश्माच्या खाणींत हा आजार इतका पसरला की त्या सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी वेगळं धोरण करावं लागलं. आपल्या काळ्या दगडात गारगोटीचा अंश वालुकाश्मापेक्षा खूप कमी असतो. म्हणून आपली धूळ निर्धोक झाली असं समजू नका. रोज छातीत जाणारी कोणतीही दगडाची धूळ दम लावते. तोंडाला पदर किंवा रुमाल बांधला तर जाड धूळ अडते, डोळ्यांना न दिसणारी धूळ आरपार जाते. उपाय एकच, धूळ उठूच द्यायची नाही. ड्रिल करताना पाणी सोडायचं, क्रशरवर पाण्याचे फवारे मारायचे. हे करून घेणं देखरेख करणाऱ्याचं काम. आपलं काम इतकंच की खोकला महिनाभर राहिला तर दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, 'मी खाणीवर काम करते', 'माझा माणूस क्रशरवर आहे'. हे सांगितलं नाही तर नुसता टीबी समजून उपचार होतात आणि धुळीतलं काम तसंच चालू राहतं.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड. एक माणूस पडला की दुसऱ्याला त्याच्यामागे धावू द्यायचं नाही. ऐकायला निष्ठुर वाटतं. पण आपल्याच जिल्ह्यातलं आठवा. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी, शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला माणूस तेवढा वाचला. त्या घरांना बोल लावायला हे सांगत नाही. आपलं माणूस डोळ्यांसमोर बुडताना कोण थांबेल? म्हणूनच तर आधी शिकावं लागतं. त्या क्षणी सुचत नाही, शिकलेलंच हाताशी येतं. विषारी वायूला वास असतोच असं नाही, आणि एका श्वासात माणूस कोसळतो. वर उभं राहून 'थांबा, आधी दोर बांधा, वरून ओढणारे उभे करा, अग्निशमन दलाला फोन करा' असं ओरडणारं एक माणूस लागतं. ते काम मेटला शिकवतात.

पाण्याची विहीर खोदणं खाणीच्या कायद्यात येत नाही. तिथे मेट नसतो. यारी असते, जिलेटिन असतं, चार मजूर असतात आणि मालक काठावर असतो. पुष्कळदा ती मालकीणही आपल्यातलीच असते. म्हणून विहिरीचं काम काढाल तेव्हा सुरुंग लावणाऱ्याकडे परवाना आहे का ते विचारा. बार उडाल्यावर धूर जाईपर्यंत कोणाला उतरू देऊ नका. दोर आणि यारी रोज सकाळी तपासायला सांगा.

आता हक्काचं. खाणीत नव्या माणसाला कामाला लावण्याआधी प्रशिक्षण द्यायचं, हा १९६६ पासूनचा नियम आहे. प्रशिक्षणाचा खर्च मालकाचा आणि त्या दिवसांची मजुरीही मिळते. हेल्मेट, बूट मालकाने फुकट द्यायचे. माणशी दोन लिटर पिण्याचं पाणी कामावर हवं. बाया कामाला असतील तर पाळणाघर हवं, असं जुन्या खाण कायद्याखालच्या नियमांत होतं. लेकरू दगडाच्या ढिगाजवळ झोळीत ठेवायची वेळ येता कामा नये. अठरा वर्षांखालच्या मुलाला खाणीत कामाला लावता येत नाही. कायद्याचं नाव आता बदललं आहे. १९५२ चा खाण कायदा २०२० च्या नव्या संहितेत घेतला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तुमच्याकडच्या अधिकाऱ्याशी बोलताना दोन्ही नावं घ्या.

खरी अडचण आम्हाला ठाऊक आहे. विचारायला गेलं तर मुकादम म्हणतो, 'पटत नसेल तर उद्यापासून येऊ नका.' उचल घेतलेली असते, चूल पेटवायची असते. एकटी बाई विचारू शकत नाही. पण गटाच्या महिन्याच्या बैठकीत हा विषय निघू शकतो. दहा जणींनी मिळून ग्रामसभेत विचारता येतं: आपल्या शिवारातल्या खाणीवर प्रमाणपत्र असलेला मेट कोण? सुरुंग कोण लावतो? क्रशरवर पाणी मारतात का? अपघात झाला तर दवाखान्यात न्यायला गाडी कोणती?

आणि एक गोष्ट आजच करा. घरातल्या माणसाचं नाव हजेरी पुस्तकात आहे का, ते बघायला सांगा. तो ठेकेदाराकडे असला तरी भरपाई मूळ मालकाकडे मागता येते, १९२३ च्या कायद्यापासून तसा हक्क आहे. पण तो त्या खाणीवर कामाला होता हे दाखवावं लागतं. माणूस गेल्यावर कागद शोधत फिरणाऱ्या बाईचे हाल फार होतात.

शेवटी मुकादमांच्या घरच्या बायांनाही सांगतो, तुमचा माणूस वाईट असतो असं आमचं म्हणणं नाही. त्याच्यावर मालाचा तगादा असतो. माल मोजणारा आणि कडा बघणारा एकच माणूस असला की संध्याकाळपर्यंत मालच जिंकतो. म्हणून कडा बघणारा वेगळा हवा, शिकलेला हवा, आणि त्याने 'आज इथे काम नाही' म्हटलं तर ते ऐकलं गेलं पाहिजे. त्या दिवसाची मजुरी बुडू नये, एवढं मागणं गटाने लावून धरावं. नाहीतर मेटचा शब्द कोणी ऐकणार नाही, आपणही नाही.

येत्या बैठकीत हे वाचून दाखवा. नमस्कार.