प्रांतिक आरोग्य विमा आणि नोंदणीचे महत्त्व : कॅनडातील अनुभव

(पंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त शिक्षण विस्तार अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



आपल्या तालुक्यातील मुले-मुली आता दूरदेशी जाऊ लागली आहेत. माझा मुलगा कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नोकरी करतो. २०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यात माझी सून कायम वास्तव्याचा परवाना घेऊन तिकडे गेली, तेव्हा सोबत म्हणून मीही गेलो. तिथे पोहोचल्यावर मुलाने पहिले काम केले, ते प्रांताच्या आरोग्य विमा योजनेत तिचे नाव नोंदविण्याचे. त्या निमित्ताने जे पाहिले, वाचले आणि भोगले, ते आपणापुढे मांडण्याची मी अनुज्ञा घेतो.

प्रथम या योजनेचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. कॅनडात दहा प्रांत आणि तीन प्रदेश आहेत. साऱ्या देशासाठी एकच विमा योजना आहे असा आपला समज असतो, तो बरोबर नाही. प्रत्येक प्रांताची योजना स्वतंत्र आहे. मात्र १९८४ साली संमत झालेल्या कॅनडा आरोग्य कायद्याने पाच तत्त्वे घालून दिली आहेत. योजनेचा कारभार सार्वजनिक असावा, वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक अशा रुग्णालयीन व डॉक्टरी सेवा तीत याव्यात, प्रांतातील सर्व पात्र रहिवाशांना ती लागू असावी, प्रांत बदलला तरी संरक्षण तुटू नये, आणि उपचार घेताना पैशाची आडकाठी नसावी. जो प्रांत रुग्णाकडून वरचे पैसे घेऊ देईल, त्याच्या केंद्रीय अनुदानातून तेवढीच रक्कम कापली जाते. तेथील बहुतेक डॉक्टर सरकारी नोकर नाहीत. ते आपापले दवाखाने चालवितात आणि देयक रुग्णाला न देता योजनेकडे पाठवितात.

या व्यवस्थेचा उगम राजधानीत झाला नाही, ही गोष्ट पंचायत सदस्यांना विशेष वाटेल. सस्कॅचेवान हा गव्हाच्या शेतीचा, विरळ वस्तीचा प्रांत. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच्या काळात तेथील सार्निया नावाच्या ग्रामीण पालिकेने, डॉक्टर गाव सोडून जाऊ नये म्हणून, त्याला कराच्या उत्पन्नातून वार्षिक मानधन देऊ केले. १९१६ साली कायद्याने अशा कराला मुभा दिली आणि इतर गावांनीही तोच मार्ग धरला. पुढे १९४७ च्या जानेवारीपासून त्या प्रांताने सर्वांसाठी रुग्णालय विमा सुरू केला. त्या वेळचे मुख्यमंत्री टॉमी डग्लस यांना लहानपणी पायाच्या हाडाचा विकार जडला होता. घरी उपचारापुरते पैसे नव्हते आणि पाय कापण्याची वेळ आली होती. एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या निमित्ताने विनामूल्य उपचार केले, म्हणून तो पाय वाचला. मुलाचा पाय अशा योगायोगावर अवलंबून राहू नये, ही जाणीव त्यांनी आयुष्यभर बाळगली.

१ जुलै १९६२ रोजी डॉक्टरांच्या सेवाही विम्याखाली आल्या. त्या दिवसापासून प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला. अखेर तडजोड झाली आणि योजना टिकली. १९६६ साली केंद्राने खर्चाचा सुमारे निम्मा वाटा उचलण्याचा कायदा केला आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत व प्रदेश या व्यवस्थेत सामील झाले.

आता नोंदणीविषयी. ब्रिटिश कोलंबियात प्रत्येक पात्र रहिवाशाने योजनेत नाव नोंदविणे बंधनकारक आहे. अर्ज कुटुंबाचा असला तरी प्रत्येक व्यक्तीचे नाव त्यात स्वतंत्रपणे यावे लागते आणि वास्तव्याच्या परवान्याची प्रत जोडावी लागते. नोंद झाली की दहा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. त्यानंतर प्रौढ व्यक्तीने वाहनचालक परवाना देणाऱ्या कार्यालयात स्वतः जाऊन छायाचित्र द्यावयाचे आणि ओळखपत्र मिळवावयाचे. पूर्वी या योजनेला दरमहा वर्गणी असे, ती १ जानेवारी २०२० पासून रहिवाशांना माफ झाली आहे.

परंतु अर्ज केला की दुसऱ्या दिवशी संरक्षण मिळते असे नाही. ज्या महिन्यात वास्तव्य सुरू झाले तो उरलेला महिना आणि त्यापुढील दोन महिने थांबावे लागते. माझी सून सप्टेंबरात पोहोचली, म्हणून तिचे संरक्षण १ डिसेंबरला सुरू झाले. तोवर मुलाने खासगी विमा घेतला होता. राष्ट्रीय कायद्यानुसार ही प्रतीक्षा कोणत्याही प्रांतात तीन महिन्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. ओंटारिओ प्रांताने तर २०२० साली ती उठविली. तेथे अर्जदाराने वास्तव्याचा दर्जा, प्रांतातील पत्ता आणि स्वतःची ओळख सिद्ध करणारी मूळ कागदपत्रे घेऊन कार्यालयात जावयाचे असते.

नोंद एकदा केली की काम संपले असेही नाही. पत्ता बदलला तर कळवावे लागते, मूल जन्मले तर त्याचेही नाव घालावे लागते, आणि वर्षातील ठरावीक काळ प्रांतात प्रत्यक्ष राहावे लागते. दवाखान्याबाहेर घेतलेली औषधे, प्रौढांचे दात व चष्मे यांचा खर्च सामान्यतः या मूळ विम्यात येत नाही. शिवाय पत्रक हाती आले म्हणजे डॉक्टर हाती आला असेही समजू नये. तेथे अनेकांना कुटुंबाचा कायमचा डॉक्टर मिळत नाही आणि तज्ज्ञाच्या भेटीसाठी दीर्घ काळ वाट पाहावी लागते. हा दोष तेथील लोकही उघडपणे बोलून दाखवितात.

मित्रहो, आता माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेली गोष्ट सांगतो. मी पाहुणा होतो. पाहुण्याला प्रांतिक विमा मिळत नाही. निघताना प्रवासी विमा घेतला होता, पण पूर्वीपासून असलेल्या आजाराचा खर्च त्यात मिळणार नव्हता, आणि मला रक्तदाबाचा विकार जुना. ऑक्टोबरातील एका रात्री छातीत दुखू लागले. दुसऱ्या खोलीत मुलगा झोपला होता. हाक मारली असती तर तो धावत आला असता. परंतु रुग्णालयाचे देयक किती येईल, मुलाची बचत त्यात जाईल का, याचाच हिशेब मी अंधारात करीत राहिलो आणि पहाटेपर्यंत बोललो नाही. सकाळी सुनेने चेहरा पाहून ओळखले. तपासणीत हृदयाला धोका नाही, पित्ताचा त्रास आहे, असे निष्पन्न झाले. तपासणीचे पैसे पदरचे गेले, त्याचे दुःख नाही. परंतु दैव अनुकूल नसते तर त्या मौनाची किंमत मला जिवाने द्यावी लागली असती.

डिसेंबरात सुनेला ताप आला, तेव्हा ती उठली आणि डॉक्टरकडे गेली. तिला हिशेब करावा लागला नाही. एकाच घरातील दोन माणसे, एकाची नोंद होती आणि दुसऱ्याची नव्हती, एवढाच काय तो फरक. तेव्हा ज्यांचे आईवडील मुलांकडे जाणार असतील, त्यांना विम्याच्या अटी निघण्यापूर्वी वाचून घेण्यास सांगा. दीर्घ मुदतीच्या खास प्रवेशपत्रावर जाणाऱ्या मातापित्यांना तर किमान एक वर्षाचा आणि एक लाख डॉलरचा खासगी विमा दाखवावाच लागतो.

परत आल्यावर मी आपल्या गावाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. आपल्या राज्यातही २०१२ साली आठ जिल्ह्यांत आरोग्य विम्याची योजना सुरू झाली, पुढे ती सर्वत्र गेली आणि आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ती ओळखली जाते. सर्व कुटुंबांपर्यंत ती नेण्याचा निर्णय २०२३ साली झाला. तिची रचना कॅनडाच्या योजनेहून वेगळी आहे. परंतु कागदाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव वर्षानुवर्षे शिधापत्रिकेत चढत नाही. आधारपत्रावर एक नाव आणि शिधापत्रिकेवर दुसरे, असेही आढळते. या चुका घरात बसून कोणाला बोचत नाहीत. त्या बोचतात रुग्णालयाच्या दाराशी, बाळंतिणीला किंवा अपघातातील रुग्णाला घेऊन आल्यावर.

म्हणून माझी विनंती साधी आहे. सरपंचांनी ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी हा विषय घ्यावा. शिक्षकांनी पालकसभेत शिधापत्रिका व आधारपत्र सोबत आणावयास सांगावे आणि नावे ताडून पाहावीत. ज्यांची नावे राहिली असतील त्यांची यादी करून ती संबंधित कार्यालयाकडे पाठवावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. या कामाला फारसा निधी लागत नाही, चिकाटी मात्र लागते.

सार्निया गावच्या पंचांनी डॉक्टरला थांबवून धरले, तेव्हा आपण देशाच्या कायद्याचा पाया घालीत आहोत, अशी त्यांची कल्पनाही नसेल. त्यांनी आपल्या गावापुरते पाहिले. आपणही आपल्या गावापुरते पाहावे, आणि रात्री दुखणे आले असता पैशाच्या भीतीने गप्प राहणारा एकही माणूस आपल्या गावात उरणार नाही, असा संकल्प करून येथून जावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.