करवंदांचे दिवस



उन्हाळ्यांतील रानमेवा व त्याचे पदार्थ या विषयावर चार शब्द बोलावेत, असें मला सांगण्यांत आलें तेव्हां मीं तें आनंदानें मान्य केलें. पण लिहावयास बसलें आणि ध्यानांत आलें कीं, या विषयांतलें मला जें कांहीं ठाऊक आहे तें सारें एका झुडुपाच्या आणि एका बाईच्या भोंवतीं गोळा झालेलें आहे. तें झुडूप करवंदीचें, आणि ती बाई म्हणजे माझी आत्या. तेव्हां आज आपण करवंदांविषयीं बोलूं. बोलतां बोलतां आत्या आली तर तिला येऊं द्यावें, एवढीच विनंति.

आमचें बिऱ्हाड मुंबईस, गिरगांवांत; घर कोंकणांत, संगमेश्वर तालुक्यांत. शाळांना सुटी पडली कीं भाऊच्या धक्क्यावरून आगबोटींत बसावें, जयगडास उतरावें, तेथून पडावांतून भरतीबरोबर शास्त्रीच्या खाडीनें वर जावें आणि शेवटचे दोन कोस बैलगाडीनें, असा तो प्रवास होता. कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली ती १९९८ सालीं. मी सांगतें आहें ती गोष्ट त्याच्या चाळीसएक वर्षें आधींची. आगबोटींत आम्हां मुलांचीं बोलणीं चालत तीं मात्र आंब्याफणसांचीं नव्हेत. आंबे मुंबईसहि येत. मुंबईस येत नसे तो आमचा सडा.

सडा म्हणजे काय, हें कोंकणाबाहेरच्या श्रोत्यांना सांगितलें पाहिजे. गांव असतो खालीं, माडापोफळींत, ओहोळाच्या कांठीं; आणि त्याच्या डोक्यावर जांभ्या दगडाचें सपाट पठार पसरलेलें असतें. तोच सडा. पावसाळ्यांत तो हिरवागार असतो. उन्हाळ्यांत असा तापतो कीं, अनवाणी पाय ठेववत नाहीं. माती म्हणाल तर जागोजाग वीतभर. अशा ठिकाणीं, जेथें माणसानें लावलेलें रोप दोन घागरी पाण्यावांचून जगत नाहीं, तेथें करवंदी आपोआप वाढते.

करवंदी ही कण्हेर आणि चांफा यांच्या कुळांतली. या कुळाची खूण म्हणजे चीक. पान तोडलें कीं देठांतून पांढरें दूध येतें. पानें जाड, तकतकीत, समोरासमोर. कांटे जोडीजोडीनें आणि इतके कडक कीं गुरेंहि त्यांत तोंड घालीत नाहींत. म्हणूनच कुंपणाला करवंदीसारखें दुसरें झुडूप नाहीं. हिंवाळा सरतां सरतां तिला पांढरीं, बारीक, जाईसारखीं सुवासिक फुलें येतात. चैत्रांत हिरवीं फळें धरतात. त्यांचें लोणचें आणि चटणी. पुढें तीं तांबूस होतात आणि वैशाखांत काळीं. पहिला मोठा पाऊस पडला कीं फळांत पाणी उतरतें, अळ्या होतात आणि हंगाम संपतो. पिकल्या करवंदाचें आयुष्य असें तीन-चार आठवड्यांचेंच. त्याच्या मागेंपुढें सड्यावर आणि रानांत तोरणें मिळत, तीं पांढरीं आणि पिठूळ; आळू मिळत, म्हणजे भाजीचें अळू नव्हे, तर कांटेरी झाडाचें तपकिरी फळ; आणि मृगाच्या तोंडावर जांभळें. पण राज्य करवंदांचें.

तीं काढण्याचेहि नियम होते. सकाळीं ऊन्ह तापण्याआधीं जावें. हातांत काठी असावी. जाळीवर आधीं काठी आपटावी आणि मग हात घालावा, कारण जांभ्याच्या कपारींत आणि पालापाचोळ्यांत फुरसें असतें. फळ ओढूं नये, पिरगळावें. पिरगळल्याबरोबर हातांत येतें तें पिकलेलें, देठाला धरून बसतें त्याला आणखी दोन दिवस हवेत. जाळी कधीं निःशेष करूं नये. पांखरांचा वांटा ठेवावा, कारण पुढची जाळी तींच पेरतात. आणि अनोळखी फळ तोंडांत घालूं नये. पांखरें खातात, मग आपण कां खाऊं नये, असें आम्हीं विचारलें कीं आत्या म्हणे, "पांखराचें पोट पांखराला, तुझें तुला." शहरांतून रानांत जाणाऱ्या मंडळींनीं हें वाक्य आजहि ध्यानांत ठेवावें.

करवंद तोंडांत टाकण्यापूर्वीं सोबत्यास विचारावयाचें, "कोंबडा कीं कोंबडी?" मग दांतानें अर्धें तोडून आंत पाहावयाचें. लालभडक असेल तर कोंबडा, फिकट असेल तर कोंबडी. हरणारानें आपल्या द्रोणांतलीं पांच करवंदें द्यावयाचीं. या खेळांत ओंठ चिकानें चिकटत, फ्रॉकांवर डाग पडत, आणि घरीं आणावयाची टोपली निम्मी राहत असे.

ती टोपली आत्येच्या स्वाधीन करावयाची. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवव्या वर्षीं तिचें लग्न झालें आणि बाराव्या वर्षीं ती माहेरीं परत आली ती कायमची. याहून अधिक सांगावयास नको. अशा स्त्रिया आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांत होऊन गेल्या आहेत. तांबडें आलवण, एक वेळ जेवण, आणि पहांटेपासून रात्रीपर्यंत सोंवळ्यांतला स्वयंपाक. सुटींत घरांत वीस-बावीस माणसें असत. त्या सर्वांच्या तोंडाला काय रुचतें, हें तिला पाठ होतें.

पावसाळ्यांत कोंकणांत तवशाचें धोंडस करतात, तें आपल्यापैकीं कांहींनीं खाल्लें असेल. त्याला भट्टी लागत नाहीं. पातेल्याच्या खालीं थोडे निखारे आणि झांकणावर पुष्कळ निखारे, हीच कोंकणची भट्टी. गोव्यांतील बिबिंकहि असेंच, वरच्या आंचेवर, थरावर थर देऊन भाजण्याची रीत आहे. पण तवसें पडलें पावसाळ्यांतलें, आणि मुलें घरीं असत वैशाखांत. म्हणून आत्येनें तवशाच्या जागीं करवंदें घातलीं. कोणी शिकविलें नव्हतें; तिनें आपल्याच बुद्धीनें तें बसविलें.

कृति सांगतें. पिकलीं करवंदें टोपलीभर घ्यावीं आणि त्यांत दोन मुठी तांबूस, अर्धकच्चीं घालावीं. अर्धकच्च्यांत गोठण्याचा गुण अधिक असतो, आजचे पाकशास्त्रज्ञ त्या द्रव्यास पेक्टिन म्हणतात, आत्या म्हणे, "कच्च्याला धरण असते." मिठाच्या पाण्यांत घटकाभर ठेवून धुतलीं म्हणजे वरचा चीक सुटतो. मग कल्हईच्या पातेल्यांत, पाण्याचा हबका मारून, मऊ शिजवावीं. बिनकल्हईच्या भांड्यांत आंबट कळकतें. चाळणीवर घोळून गर काढला कीं बिया वर राहतात. गराइतकाच गूळ घालून तो आटवावा. तांदळाचा जाडसर रवा तुपावर तांबूस भाजून नारळाच्या रसांत, मिठाची कणी टाकून, शिजवावा. तो चुलीवरून खालीं उतरला कीं मग त्यांत गर मिसळावा. हा क्रम चुकवूं नये; आंबट गर आणि नारळाचा रस विस्तवावर एकत्र आले तर रस फाटतो.

पातेल्याच्या तळाशीं तूप लावलेलें केळीचें पान घालावें, वर हें मिश्रण ओतावें आणि झांकण ठेवावें. आतां निखाऱ्यांचें. करवंटीचा निखारा कडक, पण लवकर राख होणारा. ऐनाच्या लांकडाचा मंद आणि टिकाऊ. खालीं ऐनाचे तीन-चार पुरतात. झांकणावर आधीं करवंटीचे घालावे, म्हणजे वरचा पापुद्रा धरतो; मग ऐनाचे. सुमारें दीड तासानें वास बदलतो. तेव्हां माडाच्या पातीचा हीर खुपसून पाहावा. तो कोरडा निघाला कीं झालें. वर काळसर तांबडा पापुद्रा, आंत जांभळट ओलसर गाभा, आणि खालीं केळीच्या पानाचा खरपूस वास. असें आमचें करवंदांचें धोंडस.

निखारे मोकळे होत ते दुपारचा स्वयंपाक आटोपल्यावर. त्यामुळें सकाळीं आणलेल्या करवंदांचा गर दुपारीं निघे, तिसऱ्या प्रहरीं पातेलें चढे आणि दिवेलागणीस उतरे. १९५६ सालच्या उन्हाळ्यांत, मी बारा वर्षांची असतांना, आत्या अशीच एका संध्याकाळीं वड्या कापीत होती आणि मीं सहज विचारलें, "आत्या, यांतली तुझी कोणती?"

"मला नको गो, रात्रीचें."

"मग उद्यां खा."

"उद्यां तें शिळें."

तिनें हें अगदीं सहज सांगितलें आणि माझ्या हातावर वडी ठेवली. मी मात्र हिशेब करीत राहिलें. तांदळाचें म्हणजे अन्न. रात्रीं तिला अन्न वर्ज्य. दुसऱ्या दिवशीं शिळें तिला चालत नाहीं. म्हणजे इतकीं वर्षें ती जें करीत आली तें तिनें स्वतः एकदांहि चाखलें नव्हतें. गूळ किती, मीठ किती, सारें ती डोळ्यांनीं आणि वासानें ठरवीत होती. आणि आम्ही पानें चाटून उठत होतों.

उपाय एकच होता. धोंडस दुपारच्या जेवणाआधीं झालें पाहिजे, आणि त्यासाठीं करवंदें आदल्या संध्याकाळीं घरांत आलीं पाहिजेत. संध्याकाळीं सड्यावर जाण्याची आम्हांला सक्त मनाई होती. फुरसें बाहेर पडतें तें तिन्हीसांजेला. मीं आणि माझ्या चुलतभावानें ती मनाई मोडली. चार वाजतां कोणाला न सांगतां निघालों. जवळच्या जाळ्या आम्हीं सकाळींच वेंचल्या होत्या, म्हणून सड्याच्या पार पलीकडच्या टोंकाला जावें लागलें. टोपली भरली तेव्हां अंधार पडला होता. पायवाटेवर आलों तों समोरून दोन कंदील येतांना दिसले. ते आम्हांलाच शोधीत होते.

वडिलांनीं मला त्यापूर्वीं कधीं मारलें नव्हतें; त्या रात्रीं मारलें. मीं कारण सांगितलें नाहीं. सांगितलें तर आत्येला बोल लागेल, असें कांहींसें मनांत आलें असावें. चुलतभावानें मात्र रडत रडत सारें सांगून टाकलें. ओसरीवर कोणी बोलेना. आत्या माजघराच्या दारांत उभी होती. तिनें करवंदांची टोपली उचलली आणि ती आंत गेली.

दुसऱ्या दिवशीं पहांटे जाग आली ती चुलीच्या उजेडानें. भातआमटीचें त्या दिवशीं आईनें पाहिलें. मागच्या चुलीवर आत्येचें पातेलें होतें. पंगत उठल्यावर आत्या आपल्या पानावर बसली. वडील जेवून झाल्यावर स्वयंपाकघराकडे कधीं फिरकत नसत. त्या दिवशीं ते उंबऱ्याशीं येऊन उभे राहिले. आत्येनें धोंडसाचा तुकडा मोडला, तोंडांत घातला, सावकाश खाल्ला आणि म्हणाली, "गूळ जास्त पडतो हो माझ्या हातून. इतकीं वर्षें कोणी सांगितलें नाहीं."

त्या दिवसापासून आमच्या घरीं करवंदांचें धोंडस सकाळीं होऊं लागलें, आणि गूळ थोडा कमी.

आत्या १९६८ सालीं गेली. पुढें मुंबईंत विजेच्या भट्टींत मीं तेंच करावयास घेतलें, आणि हलकें व्हावें म्हणून चमचाभर खाण्याचा सोडा घातला. फुगलें सुरेख, पण रंग राखेसारखा निळसर! करवंदाचा रंग आंबटांत तांबडा राहतो आणि सोड्यासारख्या क्षारानें निळा पडतो, हें मला त्या फजितीनंतर कळलें. तेव्हां ज्या भगिनी करवंदांचा केक करूं इच्छितात त्यांनीं सोडा चिमूटभरच घालावा, आणि गर आधीं चांगला आटवून घ्यावा. करवंदांत पाणी फार. भट्टी मध्यम, १८० अंशांच्या सुमारास ठेवावी आणि शेवटीं दहा मिनिटें वरची आंच वाढवावी. निखाऱ्यांचा वास तींत येत नाहीं. बाकी सर्व साधतें.

करवंदें मात्र मिळालीं पाहिजेत. आमच्या सड्यावरच्या पुष्कळशा जाळ्या आतां नाहींत. कांहीं आंबा-काजूच्या बागांसाठीं तोडल्या, कांहीं चिऱ्यांच्या खाणींत गेल्या, कांहीं वणव्यांत. बागा लावणारे आमचेच भाऊबंद. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यांना दोष देणें मला जमत नाहीं. पण बागेला कुंपण लागतेंच. तारेऐवजीं गडग्याच्या कडेनें करवंदी राहूं दिली, तर ती पाणी मागत नाहीं, खत मागत नाहीं, आणि वैशाखांत वर फळ देते. एवढें त्यांना सांगावें असें वाटतें, आणि दर वर्षीं गेलें म्हणजे मी सांगतें. दोघांनीं ऐकलें आहे.

शहरांतल्या आपणां सर्वांना सड्यावर जाणें शक्य नाहीं. पण कर्जत, नेरळ, कसारा या बाजूला ठाकूर-कातकरी बायका पानांच्या द्रोणांतून करवंदें घेऊन बसतात. त्या द्रोणासाठीं त्या पहांटे रानांत गेलेल्या असतात, आणि कांटे त्यांच्याहि हातांना लागतात. तेथें दोन-चार रुपयांची घासाघीस करूं नये. मुलांना द्रोण हातांत द्यावा आणि कोंबडा-कोंबडीचा खेळ शिकवावा. आणि उरलेल्या करवंदांचें घरीं कांहीं करावयाचें ठरविलेंत, तर करणारीलाहि तें गरम असतांना खातां येईल, अशा वेळीं करावें.