मिठाच्या बैलांमागचे गाणे

विषय संगीताचा असला तरी आरंभ मिठापासून करावा लागेल. आगगाडी येण्यापूर्वी दख्खनच्या पठारावर धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून नेणारा समाज बंजाऱ्यांचा. ह्या व्यवसायाला ते लदेणी म्हणत. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग आले आणि लदेणी बुडाली. पाठोपाठ 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशाच्या अनेक भागांत ह्याच भटक्या व्यापाऱ्यांच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 साली तो पुसला गेला, पण कागदावर. बैल गेले, मीठ गेले. राहिली ती गोरबोली आणि तिच्यातील गाणी. वाशीम जिल्ह्यातील तांड्यांत ती आजही आहेत: नववधूचे ढावलो, होळीच्या दिवसांतील लेंगी, आणि सोबतीला नंगारा वा डफ. ह्या बोलीला स्वतंत्र लिपी नाही. त्यामुळे कुळे, वाटा, दुष्काळ, माहेर सुटल्याचे दुःख हे सारे गळ्यातच जतन झाले.

वाशीम वा कारंजा येथील सुशिक्षित तरुणाला ह्यातले किती ठाऊक असते? त्याच्या फोनवर कोरियातील गाणे असते, पंजाबी असते, कव्वाली असते. ते असावेच. परंतु आवड श्रोताच निवडतो, हा बाजाराचा लाडका सिद्धान्त मात्र तपासून घेतला पाहिजे. 1952 साली नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर ह्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर 1957 मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. ही हकीकत लोकांच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. केसकरांना अभिरुची घडवायची होती, सिलोनच्या जाहिरातदाराला टूथपेस्ट विकायची होती. तांड्याला काय ऐकवायचे आहे हे दोघांनीही विचारले नाही. 1980 च्या दशकात कॅसेटने चित्र काहीसे पालटले. ध्वनिमुद्रणाचा खर्च उतरला आणि भीमगीतांना व गावोगावच्या भजनी मंडळांना बड्या कंपनीच्या दारात तिष्ठावे लागले नाही. आज पुरवठा अमर्याद आहे. पण पुढे काय यावे ते यंत्र ठरवते, आणि यंत्र पुष्कळांनी ऐकलेलेच पुन्हा पुढे ढकलते. लेंगीही तेथे सापडते, बहुधा डीजेच्या ठेक्यावर.

खरा शोध माणसामागून माणसाकडे जातो. जयपूरच्या विश्वमोहन भट्ट ह्यांनी अमेरिकन गिटारवादक राय कूडर ह्यांच्यासह केलेल्या ध्वनिमुद्रणाला 1994 साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. भट्टांचे ऐकणारा कूडरकडे जातो, आणि कूडरच्या बोटाला धरून पश्चिम आफ्रिकेतील माली देशाच्या अली फार्का तूरे ह्यांच्याकडे पोहोचतो. हा गृहस्थ जगभर नावाजला, तरी नायजर नदीकाठच्या आपल्या नियाफुंके गावी शेती करीत राहिला, कमाई पाटपाण्यावर खर्च करीत राहिला, आणि 2004 मध्ये त्या गावाचा नगराध्यक्ष झाला. (आपल्याकडील गायकांनी विधान परिषदेवर डोळा ठेवण्यापेक्षा हे बरे.) येथवर आलेल्या श्रोत्याला आपल्या गावाबाहेरचा तांडा पूर्वीसारखा दिसणार नाही. दूरचे गाणे जवळच्या गाण्याचे वैरी नसते. मात्र मधली वाट कोणी तरी दाखवावी लागते.

ती वाट हंगेरीत बेला बार्टोक ह्यांनी दाखवली. संगीतकार लिस्ट ह्यांनी 1859 च्या ग्रंथात जिप्सींचे, म्हणजे रोमा लोकांचे वादन हेच हंगेरीचे मूळ संगीत असे मांडले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बार्टोक व त्यांचे मित्र कोदाय फोनोग्राफ घेऊन शेतकऱ्यांच्या झोपड्यांपर्यंत गेले, आणि तेथे निराळेच संगीत निघाले. बार्टोक तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी रुमानियन आणि स्लोवाक गाणीही टिपली, आणि त्याबद्दल देशाभिमानशून्यतेचा ठपका सोसला. जाता जाता एक सांगणे अवश्य आहे: रोमा हे बंजाऱ्यांचेच भाऊबंद, असे व्यासपीठांवरून हौसेने सांगितले जाते. रोमांच्या भाषेचे मूळ भारतीय, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. बंजाऱ्यांशी थेट नाते सिद्ध झालेले नाही. अभिमानासाठी पुराव्याला वळसा घालण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येथे आलेले गी पॉइटेव्हिन ह्यांनी सहकाऱ्यांसह, मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या खेड्यांतून, एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गाव नोंदले. ह्या नोंदीचे महत्त्व मोठे आहे. ती नसली की गाणे 'पारंपरिक' ठरते, आणि पारंपरिक गाण्याचे पैसे ध्वनिमुद्रण करणारा घेऊन जातो.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे, सेवालाल महाराजांच्या समाधिस्थानी, ऑक्टोबर 2024 मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चार मजले, तेरा दालने. स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु नंगाऱ्याची प्रतिष्ठा वाढवताना तो वाजवणाऱ्याचे काय, हे विचारलेच पाहिजे. परंपरेने नंगारा वाजवी तो ढालिया, आणि त्याला तांड्यातही बरोबरीची जागा नव्हती. जातीचा हा प्रश्न सोडून दिलेला वारसा अपुरा आहे.

दुसरा प्रश्न पोटाचा. होळी फाल्गुनात येते आणि साखर कारखान्यांचे गाळप तेव्हा पुष्कळदा चालूच असते. ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर गेलेली माणसे सणाला परततीलच असे नाही. मागे म्हातारी आणि मुले उरतात. तेव्हा कार्यकर्त्यांना लेंगी नोंदवायची असेल, तर मानोऱ्याइतकीच ती कारखान्यांच्या तळावरील खोपटांत शोधावी लागेल, आणि त्या दिवशी गाणाऱ्याची मजुरी बुडणार असेल तर तिची तरतूद जाण्यापूर्वीच करावी लागेल.