रणांगणाविना वीरमरण
(बीबी येथे भरलेल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वार्षिक संमेलन हा आपल्याकडे आनंदाचा दिवस. वर्षाचा जमाखर्च मांडावा, गुणवंत मुलामुलींच्या पाठीवर थाप द्यावी, लग्नाच्या मुलामुलींची टिपणे घ्यावी आणि चार घास एकत्र खाऊन आपापल्या गावी परतावे, असा आपला परिपाठ. या कार्यक्रमात दिवंगतांना श्रद्धांजली वाहण्याचाही एक ठराव असतो. तो उभ्याउभ्याने दोन मिनिटांत संमत होतो. यंदा त्या ठरावावर थोडे विस्ताराने बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. म्हणून लष्करी उड्डाणाचा सराव करीत असता ज्यांनी प्राण ठेवले, अशा वैमानिकांविषयी दोन शब्द सांगण्यास मी उभा आहे.

युद्धात पडलेल्या वीराचा शोक कसा करावा, हे आपल्या मातीला शिकवावे लागत नाही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे जो घातपात झाला, त्यात याच लोणार तालुक्यातील चोरपांगरा गावचे नितीन राठोड आणि आपल्याच जिल्ह्यातील मलकापूरचे संजय राजपूत हे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दोन जवान कामी आले. त्यांना निरोप देण्यास माणसांचा पूर लोटला, हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते सियाचिनच्या बर्फात कर्तव्यावर असता गेला, तेव्हाही सारा जिल्हा हळहळला. शत्रू समोर असला, सरहद्द जवळ असली, म्हणजे मृत्यूला एक अर्थ आपोआप प्राप्त होतो. त्या अर्थाच्या आधाराने आईबाप उभे राहतात.

पण शांततेचा काळ आहे, कोठे युद्ध नाही, रोजच्यासारखे विमान धावपट्टीवरून उठले आणि परत आले नाही, तर? अशा मृत्यूला वर्तमानपत्रात ‘अपघात’ म्हणतात. अपघात हा शब्द मोठा फसवा आहे. रस्त्यावर गाडी उलटली तरी अपघात, विहिरीत पाय घसरला तरी अपघात. ज्याने देशासाठी मरण पत्करण्याची शपथ घेतली, त्याचे मरणही त्याच रकान्यात पडते. मागे राहिलेल्यांच्या दुःखाला मग रणांगणाचा आधार नसतो.

पुण्याच्या गाडगीळ कुटुंबावर हा प्रसंग आला. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हा त्यांचा मुलगा. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातील सुरतगड येथून त्याने मिग-२१ विमानातून सरावासाठी उड्डाण केले आणि काही क्षणांतच ते विमान कोसळले. वडील अनिल गाडगीळ हे स्वतः वैमानिक. आकाशाची भाषा जाणणारे. दुःख तर दारात उभेच होते, त्यावर आणखी एक घाव बसला. दोष वैमानिकाचा, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. जो उत्तर देण्यास हयात नाही, त्याच्या माथी खापर फुटले.

अभिजितच्या मातेने, श्रीमती कविता गाडगीळ यांनी, तो निष्कर्ष मुकाट्याने स्वीकारला नाही. त्यांनी पत्रे लिहिली, प्रश्न विचारले, सत्ताधाऱ्यांच्या आणि सेनाधिकाऱ्यांच्या दारी पुनःपुन्हा गेल्या. नुकसानभरपाई त्यांना नको होती. आपला मुलगा निष्काळजी होता की नव्हता, आणि ज्या विमानातून त्याला पाठविले ते पाठविण्याजोगे होते की नव्हते, एवढेच त्यांना हवे होते. पुढे दीर्घ पाठपुराव्यानंतर अभिजितवरील ठपका वायुदलाने दूर केला. दरम्यान त्या पतिपत्नीने मुलाच्या नावाने हवाई सुरक्षिततेसाठी संस्था उभी केली आणि जमिनीवर राहूनच उड्डाणाचा सराव करता येईल अशा यंत्रांवर तरुणांना शिक्षण देण्याचे काम पुण्यात आरंभिले. आपला गेला, दुसऱ्याचा राहावा, ही त्यामागची भावना.

त्या मातेचा प्रश्न नीट समजावयाचा, तर सराव म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. लढाऊ वैमानिकाची विद्या पुस्तकात मिळत नाही. रात्रीच्या काळोखात उडावे लागते, जमिनीलगत वेगाने जावे लागते, दुसऱ्या विमानाच्या अंगाला अंग लावून वळावे लागते. काळोखात क्षितिज दिसेनासे झाले, की कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय माणसाला फसवते. विमान कलंडलेले असता ते सरळ आहे असे वाटते, वर चढत असता खाली जात आहे असा भास होतो. अशा वेळी स्वतःच्या देहावर अविश्वास आणि समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवावयाचा असतो. हे अंगवळणी पडण्यासाठीच सराव. म्हणजे सरावात संकट हे मुद्दाम जवळ ओढून आणलेले असते. युद्धाच्या दिवशी ते नवखे वाटू नये म्हणून.

याकरिता पायऱ्या लागतात. पोहायला शिकणाऱ्या पोराला आपण आधी पाठीला भोपळा बांधून विहिरीत सोडतो, पुराच्या नदीत लोटत नाही. आपल्या वायुदलात मात्र कित्येक वर्षे मधली पायरीच नव्हती. किरण या तुलनेने संथ विमानावर शिकलेला मुलगा एकदम मिग-२१ वर जाऊन बसे. मिग-२१ हे १९६३ सालापासून आपल्या सेवेत आलेले, ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे, एका इंजिनाचे आणि ताशी तीनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने धावपट्टीवर उतरणारे विमान. आपल्याच नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातही ते तयार होत असे. १९७१ च्या युद्धात त्याने पराक्रम गाजविला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु तेच विमान नवशिक्याच्या हाती कठोर गुरू ठरले.

मधल्या पायरीचे प्रगत विमान घ्यावे, अशी शिफारस एअर मार्शल ला फाँटेन यांच्या अध्यक्षतेखाली १९८२ साली नेमलेल्या समितीने केली होती. हॉक जातीच्या ६६ विमानांचा करार झाला तो मार्च २००४ मध्ये. पहिली विमाने फेब्रुवारी २००८ मध्ये बीदरच्या तळावर वायुदलात दाखल झाली. समिती ते करार हे अंतर बावीस वर्षांचे आहे. बावीस वर्षांत जन्मलेले मूल वैमानिक होते. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले, की त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत सर्व प्रकारच्या मिग विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक दगावले. काही अपघात माणसाच्या चुकीने, काही यंत्राच्या बिघाडाने. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ ला सन्मानपूर्वक निरोप देण्यात आला. विमान निवृत्त झाले. पण त्यात गेलेल्या मुलांच्या आयांचे दुःख निवृत्त होत नाही.

येथे एक विवेक राखला पाहिजे. जोखमीवाचून सैन्य नाही. सारी यंत्रे नवी आणली, तरी अपघात समूळ थांबणार नाहीत. २८ मार्च २०१४ रोजी ग्वाल्हेरजवळ कोसळलेले मालवाहू विमान अगदी अलीकडे घेतलेले होते. त्यातील पाचही जण गेले. २४ मार्च २०१५ रोजी गोव्याच्या समुद्रात नौदलाचे डॉर्नियर विमान सरावाच्या वेळी पडले. त्यात लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि लेफ्टनंट किरण शेखावत यांचा अंत झाला. किरण ही कर्तव्यावर प्राण वेचणारी नौदलाची पहिली महिला अधिकारी. २८ जानेवारी २०२३ रोजी ग्वाल्हेरहून सरावासाठी निघालेली दोन लढाऊ विमाने एकमेकांवर आदळली आणि बेळगावचे विंग कमांडर हनुमंतराव सारथी यांना मृत्यू आला. तेव्हा टाळता न येणारी जोखीम आणि टाळता येण्याजोगी हयगय, या दोहोंत भेद केला पाहिजे. पहिलीपुढे आपण नतमस्तक व्हावे. दुसरीविषयी प्रश्न विचारावा. असा प्रश्न विचारणे हा देशद्रोह नव्हे. ते नागरिकाचे कर्तव्य होय.

न्यायालयानेही हे मान्य केले आहे. विंग कमांडर संजीत सिंग कैला यांच्या मिग-२१ ला जानेवारी २००५ मध्ये राजस्थानात आकाशात आग लागली. त्यांनी विमान वस्तीपासून दूर नेले आणि मगच बाहेर उडी घेतली. जीव वाचला, पण पाठीचा कणा दुखावल्याने उड्डाण कायमचे सुटले. दोष विमानाच्या निर्मितीत होता, हे त्यांना पुढे माहितीच्या अधिकारातून कळले. मे २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना एकूण ५५ लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. सैनिक नेहमीची जोखीम पत्करतो, सदोष यंत्राची पत्करत नाही, हेच त्या निर्णयाचे सार.

ज्ञातिबंधूंनो, कोणी म्हणेल, यातला एकही आपल्या ज्ञातीचा दिसत नाही. मग आपल्या संमेलनात त्यांची आठवण कशाला? नाव ऐकताच आडनावावरून ज्ञाती शोधण्याची आपली खोड जुनी आहे, आणि ज्ञातिमंडळात ती अधिकच बळावते. परंतु कोसळत्या विमानाने खालची वस्ती कोणत्या ज्ञातीची, हे पाहून कैला यांनी त्याचे तोंड वळविले नव्हते. मंडळ ही आपल्या माणसांची काळजी वाहण्याची शाळा आहे. या शाळेत शिकलेली काळजी उंबऱ्याबाहेर वापरता आली नाही, तर ती विद्या अपुरीच म्हणावी लागेल. आपल्या शेजारी सिंदखेडराजा आहे. जिजाऊंच्या माहेरचा हा मुलूख. मुलाला संकटात पाठविणारी आई किती धैर्याची असते, हे या मुलखाला ठाऊक आहे. त्या आईने नंतर प्रश्न विचारले, तर तेही त्याच धैर्याचे रूप समजावे.

शोक केवळ शब्दांनी फिटत नाही, म्हणून तीन गोष्टी मंडळापुढे नम्रपणे ठेवतो. पहिली ही, की दरवर्षी श्रद्धांजलीच्या ठरावात आपल्या जिल्ह्यातील सैन्यात व पोलीस दलांत कर्तव्यावर गेलेल्यांची नावे, ज्ञाती न पाहता, मोठ्याने वाचावी. दुसरी ही, की ज्या घरी असा प्रसंग आला, तेथे तेराव्यानंतर आपली पावले थांबू नयेत. गर्दी ओसरल्यावर घर खरे रिकामे होते. पेन्शनचे कागद, बँकेचे हेलपाटे, धाकट्यांच्या शाळेची फी, यांत कोणीतरी सोबत असावे लागते. आणि ‘देवाची इच्छा’ किंवा ‘त्याचीच काही चूक झाली असेल’ असे उद्गार त्या घरात तोंडातून निघू नयेत.

तिसरी गोष्ट आपल्या मुलामुलींविषयी. हे भाषण ऐकून कोणी आईबापांनी मुलाला सैन्यापासून मागे खेचावे, असा माझा हेतू मुळीच नाही. छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था आहे. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ पासून नाशिकला सुरू झाली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. ज्याला वा जिला आकाशाची ओढ आहे, त्यांनी खुशाल जावे. मंडळाने त्यांना पुस्तके, प्रवासखर्च आणि मार्गदर्शन द्यावे. मात्र मुले देणाऱ्या समाजाला, ती ज्या विमानात बसतील त्या विमानाविषयी विचारण्याचा अधिकार आहे, हे आपण विसरू नये.

युद्धाच्या दिवशी जे विजयी होतात, त्यांचा विजय सरावाच्या शेकडो अनाम रात्रींतून घडलेला असतो. त्या रात्रींपैकी काही रात्री परत आल्या नाहीत. त्या परत न आलेल्यांचा विजयातील वाटा आपण मान्य केला, तर त्यांच्या मृत्यूला जो अर्थ रणांगणाने दिला नाही, तो समाज देऊ शकेल.

आता आपण सर्वांनी उभे राहून दोन मिनिटे शांत राहावे, आणि त्या शांततेत अभिजितबरोबर त्याच्या मातेलाही वंदन करावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.