वर्गाबाहेरचा वर्ग

ज्या संस्थेतून पुढे जबलपूरचे रॉबर्टसन कॉलेज घडले, ती मुळात १८३६ मध्ये सागर येथे निघाली. १८७३ मध्ये ती सागरहून जबलपूरला आली, आणि तिचा वारसा आज तेथील शासकीय विज्ञान महाविद्यालय चालवीत आहे. संस्था जेथे जाईल तेथे विद्यार्थ्याने जावे, हा त्या काळचा शिरस्ता होता. परीक्षा घेणारे विद्यापीठ तर आणखीच दूर असे. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत मध्यप्रांतातील महाविद्यालयांना अलाहाबादकडे पाहावे लागे. १९४६ मध्ये सागरला विद्यापीठ झाले आणि १९५६ मध्ये खुद्द जबलपूरला झाले. तेच आज राणी दुर्गावतीच्या नावाने ओळखले जाते. असे एकेक मुक्काम करीत विद्यापीठ नर्मदाकाठच्या विद्यार्थ्याजवळ आले.

या प्रवासातील पुढचा मुक्काम म्हणजे इंटरनेट. देशातील सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून एनपीटीईएल या योजनेत आपल्या प्राध्यापकांची व्याख्याने ध्वनिचित्रित करून सर्वांना खुली केली. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ हे शासकीय व्यासपीठ सुरू झाले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला खरगपूरच्या किंवा मद्रासच्या प्राध्यापकाचे व्याख्यान आज आपल्या खोलीत बसून ऐकता येते. आता महाविद्यालयच विद्यार्थ्याकडे येऊ लागले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि ते त्याच्यापर्यंत खरोखर पोहोचते काय, हा प्रश्न निराळा आहे.

या प्रश्नाची धार २०२० मध्ये सर्वांना जाणवली. मध्यप्रदेशातील कोविडचे पहिले रुग्ण २० मार्च रोजी जबलपूर येथेच आढळले, आणि पाच दिवसांनी सारा देश टाळेबंदीत गेला. वर्ग ओस पडले व अध्यापन मोबाइलच्या पडद्यावर आले. ज्यांनी जन्मभर खडू आणि फळा यांखेरीज दुसरे साधन हाती धरले नव्हते, अशा प्राध्यापकांनीही झूम आणि गूगल मीट यांची ओळख करून घेतली. त्यांच्या या उद्यमशीलतेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु पडद्यावर समोर दिसत ते नावे लिहिलेले काळे चौकोन. ‘समजले ना?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून येई ते मौन. या मौनाचा अर्थ समजले असा घ्यावा, की समजले नाही असा. मंडला किंवा डिंडोरीकडील आपल्या गावी परतलेल्या मुलाचे नेटवर्क तुटले, की घरातला एकुलता फोन वडील शेतावर घेऊन गेले, हे कळण्यास मार्ग नव्हता.

या गोष्टीत एक जुना धडा दडलेला आहे. नभोवाणीवरील भाषण हजारो घरांत पोहोचते. पण ऐकणाऱ्याला वक्त्यास मध्येच थांबवून शंका विचारता येत नाही. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी देशव्यापी वर्ग सुरू केला, तेव्हाही हीच मर्यादा होती. इंटरनेटचे वैशिष्ट्य असे की त्याचा मार्ग दुहेरी आहे. ज्या वाटेने व्याख्यान जाते, त्याच वाटेने विद्यार्थ्याचे उत्तर परत येऊ शकते. म्हणून केवळ तासभर बोलून ते चित्रित करून ठेवणे म्हणजे नव्या साधनाचा जुनाच उपयोग करणे होय.

‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमाची चार अंगे ठरविलेली आहेत: ध्वनिचित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःची परीक्षा आणि शंकाचर्चा. यांपैकी पहिल्या दोहोंचा गाजावाजा अधिक होतो. विद्या मुरते ती मात्र शेवटच्या दोहोंत. एक उदाहरण घ्यावे. वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकास ‘घसारा’ हा विषय शिकवावयाचा आहे. तो दहा मिनिटांचे एक छोटे व्याख्यान आदल्या दिवशी विद्यार्थ्यांना पाठवितो आणि त्यासोबत गूगल फॉर्मवर पाचच प्रश्न देतो. रात्री उत्तरे पाहताना त्याला असे आढळते की, साठांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी घसारा म्हणजे नवे यंत्र घेण्यासाठी दरवर्षी बाजूला काढून ठेवलेली रोकड असे समजतात. वास्तविक घसाऱ्यात रोकड कोठेच जात नाही. यंत्राची किंमत त्याच्या उपयोगाच्या वर्षांवर वाटून खर्ची टाकली जाते, इतकेच. दुसऱ्या दिवशीचा तास प्राध्यापक नेमक्या या चुकीपासून सुरू करतो. वर्गात साठ माना डोलल्या असत्या आणि ही चूक वार्षिक परीक्षेपर्यंत झाकलेली राहिली असती. जो विद्यार्थी भिडेपोटी वर्गात तोंड उघडीत नाही, त्यालाही येथे उत्तर द्यावेच लागते. या साधनाचा खरा लाभ हा आहे.

तो न घेतल्यास काय होते, हे पाश्चात्त्य देशांच्या अनुभवावरून दिसते. हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था यांच्या खुल्या अभ्यासक्रमांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला होता; उलट शुल्क भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांनी तो तडीस नेला. नाव नोंदविणाऱ्यांत केवळ चाळून पाहणारेही पुष्कळ असतात, हे खरे. तरीही दार उघडे ठेवल्याने सारेच आत येऊन बसतात असे नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

भाषेचा प्रश्नही असाच आहे. जबलपूरच्या मराठी घरातला मुलगा घरी मराठी बोलतो, शाळेत हिंदी शिकतो आणि पडद्यावर त्याच्यापुढे येते ते इंग्रजी व्याख्यान. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमात संगणकाचे लहान लहान धडे हिंदी, मराठी आदी अनेक भारतीय भाषांत दिले आहेत. धडा सुमारे दहा मिनिटांचा असतो; पडद्याच्या एका बाजूस तो लावावयाचा, दुसऱ्या बाजूस तीच कृती स्वतः करावयाची, आणि अडल्यास धडा थांबवून मागे जावयाचे. गुरूला ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याचा संकोच येथे उरत नाही.

या सर्वांस मूल्य द्यावे लागते. साठ उत्तरे वाचावयास शिक्षकाला वेळ हवा आणि तो त्याच्या कामात धरला गेला पाहिजे. ज्याच्या घरी साधन नाही, त्याच्यासाठी महाविद्यालयाची संगणक-खोली संध्याकाळी उघडी हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या नियमांन्वये एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’द्वारे पुरे करण्याची मुभा दिली आहे. ही मुभा निवडीसाठी आहे. रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवण्याची ती सबब होता कामा नये.

व्याख्यान दुरून यावे, जितके उत्तम मिळेल तितके यावे. पण विद्यार्थ्याची चूक ओळखणारा आणि ती त्याच्या भाषेत उलगडून सांगणारा माणूस जवळच असला पाहिजे. तो नसेल, तर शंभर वर्षे एकेक मुक्काम करीत जबलपूरला आलेले विद्यापीठ पुन्हा अलाहाबादइतके दूर गेले, असेच म्हणावे लागेल.