दोन टक्के आणि उरलेले अठ्ठ्याण्णव
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्गणीला फिरताना एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, "काका, कंपन्यांकडे सीएसआरचा पैसा असतो ना? तो आपल्या मांडवाला मागू या का?" तसा मागता येत नाही. कमानीवर कंपनीचे नाव झळकवून मिळतो तो जाहिरातीचा पैसा. पण त्या प्रश्नाने आजचा विषय मिळाला.

२०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. वर्षाला ५ कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असेल (आणखी दोन निकष आहेत), तर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के शिक्षण, आरोग्य, पर्यावरण अशा कामांवर खर्चायचे. कारखाना जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यायचे.

याच्या उलट बाजूला अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन. १९७० साली त्यांनी लिहिले, की नियम पाळून नफा वाढवणे एवढीच धंद्याची जबाबदारी. मालकांच्या पैशावर व्यवस्थापकाने दानशूर होऊ नये. मला हे अगदीच टाकाऊ वाटत नाही. भागधारक म्हणजे फक्त शेठ नव्हे. दरमहा म्युच्युअल फंडात हजार-दोन हजार टाकणारे आपणही त्यातच आलो, आणि भाव पडला की कुरकुरतोही.

पण 'नियम पाळून' हे दोन शब्द आपल्या सुरतेत फार महाग पडतात. ६ जानेवारी २०२२ ची पहाट आठवा. सचिन जीआयडीसीत टँकरमधून रसायन बेकायदा नाल्यात सोडले जात होते. विषारी वायू पसरला आणि जवळच्या डाइंग मिलमधले सहा कामगार गेले. टाकाऊ रसायनाची रीतसर विल्हेवाट लावायला पैसे लागतात. ते वाचवले की तेवढाच नफा वाढलेला दिसतो. मग त्या नफ्याच्या दोन टक्क्यांत शाळेला बाके दिली तरी काय?

म्हणून मी दोन टक्क्यांपेक्षा उरलेल्या अठ्ठ्याण्णवांकडे बघतो. आपल्या शेजारच्या नवसारीत १८३९ साली जन्मलेल्या जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे हवा दमट ठेवणारी यंत्रे आणि आग विझवणारे फवारे बसवले. कामगारांना निवृत्तिवेतन आणि अपघाताची भरपाईही दिली. भरपाईचा कायदा आला तो १९२३ मध्ये! आणि मिल तोट्यात गेली नाही, भागधारकांना उत्तम लाभांश मिळत राहिला. गंमत म्हणजे आजच्या नियमाप्रमाणे फक्त कामगारांच्या फायद्याचा हा खर्च सीएसआरमध्ये धरलाच जाणार नाही.

आपल्यातले कितीतरी जण गिरणीच्या नोकरीसाठीच खानदेशातून उधना-लिंबायतला आले. आज त्यांची मुले सचिन, पांडेसरा, हजिऱ्याच्या कंपन्यांत हिशेब, स्टोअर, खरेदी सांभाळतात. माल आत आला, टँकर बाहेर गेला, की कागदावर बहुतेक वेळा सही अशाच कोणाची तरी असते. विसर्जनानंतर एका रविवारी त्यांना इथे बोलवावे, आणि सही करताना काय बघतात, कुठे अडतात, हे आपण त्यांच्याकडून ऐकावे, अशी कार्यकारिणीला माझी सूचना आहे.

गणपती बाप्पा मोरया!