क्योतोत गाइड घ्यावा का?

आजचा भाग प्रवासाचा आहे. जपानला निघालेल्या मित्रमैत्रिणींकडून मला एक प्रश्न हमखास येतो: "क्योतोला गाइड घेऊ का गं? फोनमध्ये मॅप आहे, ट्रान्सलेटर आहे, यूट्यूबवर सगळं दिसतं. मग वेगळे पैसे कशाला?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. पहिल्या दिवशी अर्धा दिवस गाइड घ्या, बाकीचे दिवस आपले आपण फिरा. आता का, ते ऐका.

क्योतो 794 पासून 1868 पर्यंत जपानच्या सम्राटांची राजधानी होती. हजाराहून जास्त वर्षं! दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या लक्ष्यांच्या यादीत या शहराचं नाव होतं. अमेरिकेचे तेव्हाचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी ते काढायला लावलं. म्हणून आज तिथे बघण्यासारखं इतकं उरलंय. 1994 मध्ये युनेस्कोनं क्योतो आणि शेजारच्या दोन गावांतली मिळून 17 ठिकाणं जागतिक वारशात घेतली.

पण हेच जड जातं. दिवसाला पाच-सहा ठिकाणं केली की तिसऱ्या दिवशी सगळी देवळं सारखीच दिसायला लागतात. फोन तुम्हाला दारापर्यंत नेतो. आत गेल्यावर बघायचं काय, हे कुणीतरी दाखवावं लागतं.

आमच्या गाइड साठीच्या एक बाई होत्या. आम्ही सहा जण. सकाळी सातला फुशिमी इनारीला भेटलो. तिथे तिकीट नाही, आणि डोंगर रात्रंदिवस उघडा असतो. बाईंनी आधी एक साधी गोष्ट शिकवली. लाल कमान, म्हणजे तोरी, दिसली की बहुतेक वेळा समजायचं, हे शिंतो देवस्थान. तिथे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, मग पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात मात्र टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. आणि गंमत म्हणजे ही वेगळी खाती सरकारनं 1868 मध्ये पाडली. त्याआधी कित्येक शतकं दोन्ही धर्म एकाच आवारात नांदत होते. म्हणून आजही काही बौद्ध मंदिरांत मध्येच तोरी दिसते. हे एकदा कळलं की पुढच्या प्रत्येक ठिकाणी डोळे आपोआप कामाला लागतात.

मग त्या हजारो कमानींचा बोगदा. सगळे फोटो काढत पुढे चाललेले. बाई म्हणाल्या, "आता मागे वळा." वळलो, तर खांबांवर काळी अक्षरंच अक्षरं! चढताना ती दिसतच नाहीत. ती असतात कमान देणाऱ्यांची नावं आणि तारीख. इनारी हा मुळात भातशेतीचा देव, पुढे तो धंद्याचाही झाला. त्यामुळे देणाऱ्यांत कंपन्या आणि दुकानदार भरपूर. आम्हाला हसूच आलं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर आणि पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव असतं ना, तसंच! लाकूड कुजलं की जुनी कमान काढतात आणि तिथे नव्या दात्याची उभी राहते. म्हणजे इन्स्टावरचा तो "प्राचीन बोगदा" सतत बदलत असतो.

तिथून केइहान रेल्वेनं शिचिजो स्टेशन. बसच्या गर्दीत शिरायची गरजच नाही, हाही बाईंचाच धडा. स्टेशनपासून थोडं चाललं की सांजूसानगेन्दो. 1266 मध्ये पुन्हा बांधलेला साधारण 120 मीटर लांबीचा लाकडी दिवाणखाना, आणि आत कान्नोनच्या 1001 मूर्ती. कान्नोन म्हणजे आपल्याकडचा अवलोकितेश्वर. आत फोटोला बंदी आहे, त्यामुळे फोन खिशात जातो.

मूर्तींच्या पुढे 28 रक्षक देवता उभ्या आहेत. बाईंनी एका मूर्तीकडे बोट दाखवून मलाच विचारलं, "ओळखा, हे तुमच्याकडचे आहेत." पक्ष्याचं तोंड, पाठीला पंख आणि हातात बासरी. गरुड! तिथे त्याला 'कारुरा' म्हणतात. मग कळलं की रांगेत ब्रह्मा आहे, इंद्रही आहे, फक्त नावं जपानी. बौद्ध धर्माबरोबर चीन-कोरियामार्गे ही मंडळी तिथे पोचली. सरस्वतीसुद्धा अशीच गेली, तिला 'बेन्झाइतेन' म्हणतात आणि तिच्या हातातही तंतुवाद्य असतं. ट्रान्सलेटरनं पाटी वाचली असती, पण गरुडासमोर थांबवलं नसतं.

शेवटी गिओन. लाकडी घरांची जुनी वस्ती, गेइको आणि मायको जिथे काम करतात तो भाग. एका बोळाच्या तोंडाशी बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "आपण आत जायचं नाही." पाटी होती: खासगी रस्ता, शिरलात तर 10,000 येन दंड. 2024 पासून तिथल्या काही खासगी बोळांत पर्यटकांना बंदी आहे. कारण? मायको दिसली की लोक तिच्यामागे धावायचे, वाट अडवायचे, किमोनोला हात लावायचे. अहो, ती कामावर निघालेली मुलगी आहे! आपल्या गल्लीत रोज सकाळी अनोळखी माणसं कॅमेरे घेऊन उभी राहिली तर आपल्याला चालेल का?

माझ्या मते गाइडचे पैसे इथे वसूल होतात. गाइड जशी दाखवते, तशी कुठे थांबायचं तेही सांगते. क्योतोत लोक राहतात, शाळेत जातात, त्याच बसनं दवाखान्यात जातात. आपण गर्दीतलं आणखी एक डोकं व्हायचं की पाहुणा, हे बरंचसं त्या पहिल्या अर्ध्या दिवसात ठरतं.

पण गाइड सांगेल ते सगळं खरं मानू नका. निजो किल्ल्यातली लाकडी जमीन चालताना पक्ष्यासारखी चिवचिवते. शत्रू आला की कळावं म्हणून ती तशी बांधली, असं अनेक गाइड रंगवून सांगतात. किल्ल्यातलीच पाटी सांगते की जमिनीखालचे खिळे आणि कड्या घासून तो आवाज येतो, तो मुद्दाम केलेला नाही. चांगला गाइड "ही दंतकथा हं" असं स्वतःच सांगतो.

मग निवडायचा कसा? जपानमध्ये 1949 पासून सरकारी परवान्याचे गाइड आहेत. 2018 पासून परवाना नसलेल्यांनाही पैसे घेऊन गाइड व्हायला मुभा मिळाली, म्हणून परवाना आहे का, विचारून घ्या. अर्ध्या दिवसात तीनच ठिकाणं असावीत. सात-आठ ठिकाणं "कव्हर" करणारी टूर म्हणजे धावपळ. गट लहान हवा, आणि वाटेत दुकानं किती आहेत तेही विचारा. बजेट कमी असेल तर स्वयंसेवक गाइड मिळतात. ते मोबदला घेत नाहीत, पण त्यांचं भाडं, प्रवेश तिकीट आणि जेवण आपण द्यायचं असतं. आधी बुकिंग करा, आणि वेळेवर पोचा हं.

आणि एक ठिकाण मात्र गाइडशिवाय करा: र्‍योआनजी. पांढऱ्या खडीत 15 दगड. ओसरीवर कुठेही बसलात तरी निदान एक दगड लपतोच. त्याचा अर्थ काय, यावर शेकडो मतं आहेत. तिथे अर्धा तास नुसतं बसा आणि दगड मोजा.

तुम्ही कुठे गाइड घेतलात आणि पैसे वसूल झाले का, मला व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर फिरत राहा!